आवाज बंद असलेला टीव्ही: पोर्टलंडच्या एका बारचं प्रकरण

१ एप्रिल २०१८. ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात अमेरिकी कॉलेजांच्या महिला बास्केटबॉलची अंतिम लढत सुरू होती, नोटर डेम विरुद्ध मिसिसिपी स्टेट. नोटर डेमच्या मुली एका टप्प्यावर पंधरा गुणांनी मागे होत्या. तिथून त्यांनी बरोबरी गाठली. शेवटच्या क्षणी अरिके ओगुनबोवालेनं तोल जात असताना फेकलेला चेंडू जाळीतून खाली आला, तेव्हा घड्याळात सेकंदाचा एक दशांश भाग शिल्लक होता. ६१-५८. दोनच दिवसांपूर्वी उपांत्य फेरीत कनेक्टिकटला हरवणारी शेवटची फेकही तिचीच, तीही जादा वेळ संपत आलेली असताना. असे सामने खेळ बघणाऱ्याच्या आयुष्यात बोटांवर मोजण्याइतके येतात.

ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात मैत्रिणींचा एक घोळका हाच सामना एका स्पोर्ट्स बारमध्ये बसून बघत होता. मोठे पडदे दुसऱ्या खेळांना दिलेले होते. विनंती केल्यावर कोपऱ्यातल्या छोट्या टीव्हीवर चॅनेल बदलून मिळालं, आवाज मात्र मिळाला नाही. तरी चेंडू आत गेला तेव्हा या सगळ्याजणी आनंदानं वेड्या झाल्या. बाहेर पडल्यावर सामन्याची चर्चा करता करता कुणाच्या तरी लक्षात आलं की आवाज असता तर आणखी मजा आली असती. त्यांतली एक होती जेनी न्गुयेन. असा सामना पुऱ्या थाटात बघायचा तर आपला स्वतःचाच बार हवा, असं ती बोलून गेली. त्या नसलेल्या बारला तिनं गमतीत नावही देऊन टाकलं. इंग्रजीतल्या ‘बार’ शब्दाच्या शेवटच्या दोन अक्षरांची अदलाबदल केली की जे होतं ते: द स्पोर्ट्स ब्रा.

बरोबर चार वर्षांनी, १ एप्रिल २०२२ ला, पोर्टलंडच्या नॉर्थईस्ट ब्रॉडवे रस्त्यावर त्याच नावाचा बार उघडला. तिथल्या सगळ्या पडद्यांवर फक्त महिलांचे खेळ लागतात, आणि आवाजासकट.

हे प्रकरण मी अभ्यासासाठी घेतलं ते एका साध्या कारणानं. बारमधला टीव्ही सगळ्यांचा दिसतो, पण रिमोट काउंटरच्या आत असतो. मालक बदलला की गिऱ्हाइकाला काय बघायला मिळतं ते बदलतं. आणि आधीच्या मालकांनी वर्षानुवर्षं केलेला हिशेब बरोबर होता की चूक, तेही तेव्हाच कळतं.

काउंटरमागचा हिशेब

स्पोर्ट्स बारच्या कुठल्याही मालकाला विचारा, महिलांचे सामने का लावत नाही म्हणून. उत्तर ठरलेलं असतं: लोक बघत नाहीत. तो खोटं बोलत नसतो. त्याच्या समोर बसलेले लोक खरोखरच ते सामने मागत नाहीत. पण समोर बसलेत ते कोण? गेली दहा-पंधरा वर्षं त्यानं जे लावलं ते बघायला आलेले. ज्यांना दुसरं काही बघायचं होतं ते एकदा येऊन, कोपऱ्यातल्या मुक्या टीव्हीकडे बघून परत गेले, किंवा आलेच नाहीत. त्यांची नोंद कुठल्याच बिलात होत नाही. न आलेल्या गिऱ्हाइकाची पावती फाटत नाही, म्हणून ते गिऱ्हाईक नाहीच असं धरलं जातं.

हे एकट्या बारमालकाचं चुकलं असंही नाही. सदर्न कॅलिफोर्निया आणि पर्ड्यू या विद्यापीठांतल्या संशोधकांनी १९८९ पासून दर काही वर्षांनी लॉस एंजेलिसच्या वाहिन्यांवरच्या क्रीडा बातम्या मोजल्या, पुढे त्यात इएसपीएन या देशव्यापी क्रीडा वाहिनीचा रोजचा बातम्यांचा कार्यक्रमही घेतला. १९८९ मध्ये महिलांच्या खेळांना पाच टक्के वेळ मिळत होता. तीस वर्षांनी, २०१९ मध्ये, तो ५.४ टक्के होता. त्या वर्षी महिला फुटबॉलचा विश्वचषक होता, अमेरिकेनं तो जिंकला होता. विश्वचषकाच्या बातम्या वगळल्या तर आकडा ३.५ वर येत होता. तीस वर्षांत मुलींची एक अख्खी पिढी शाळा-कॉलेजांच्या मैदानांवर वाढली. १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्यामुळे सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना खेळातही भेदभाव करायला बंदी झाली होती, त्याचं हे फळ. मैदानं भरली आणि बातम्या जिथल्या तिथे राहिल्या. वाहिनी म्हणते लोक बघत नाहीत, बार म्हणतो वाहिनीच दाखवत नाही, प्रायोजक दोघांकडे बोट दाखवतो. हे वर्तुळ तोडायला कुणीतरी स्वतःचे पैसे घालून वेगळा हिशेब मांडायला हवा होता.

इथे मला आपल्याकडची परमिट रूम आठवल्याशिवाय राहत नाही. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी मोठा टीव्ही बाहेरच्या हॉलमध्ये, आणि बायकांना बसायला आतला ‘फॅमिली’चा भाग, पार्टिशनच्या मागे. आयपीएलच्या दिवसांत बाहेर आरडाओरडा होतो तो आत ऐकू येतो, दिसत काही नाही. बायकांना सामना बघायचा असेल ही शक्यता जागा आखतानाच कुणाच्या डोक्यात आलेली नसते. नंतर तोच मालक सांगतो, लेडीज काही मॅचसाठी येत नाहीत. पोर्टलंड दूर आहे, पण हिशेब तोच.

मालकीण

जेनी न्गुयेन व्हिएतनामहून आलेल्या कुटुंबातली, पोर्टलंडमध्येच वाढलेली. ती कॉलेजमध्ये बास्केटबॉल खेळत होती. गुडघ्याचं लिगामेंट फाटलं आणि तिचं खेळणं थांबलं. नंतर ती स्वयंपाकघरात रमली, व्यावसायिक शेफ झाली. पोर्टलंडच्या रीड कॉलेजचं मोठं स्वयंपाकघर तिनं सांभाळलं. शेकडो पानांचं रोजचं जेवण, खरेदी, माणसं, नासाडी, हे सगळं तिच्या अंगवळणी पडलेलं होतं. या प्रकरणाबद्दल लिहिणारे बहुतेकजण कल्पनेचं कौतुक करतात. मला मात्र ही स्वयंपाकघरातली वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. बार बुडतो तो कल्पनेअभावी क्वचितच. तो बुडतो मटणाच्या भावात, पगाराच्या तारखेत आणि सोमवारच्या रिकाम्या टेबलांत.

तिच्याकडे साठवलेले २७ हजार डॉलर होते. नातेवाईक आणि मित्रमंडळींनी उसने दिले. अमेरिकेत बार काढायला एवढ्यानं भागत नाही, आणि २०२२ च्या सुरुवातीला, करोनानं हॉटेलधंदा मोडून पडलेला असताना, नव्या बारसाठी पैसे मागणं हे कोणत्याही सावकाराच्या दृष्टीनं वेडेपणाचं होतं. मग फेब्रुवारीत तिनं किकस्टार्टर या संकेतस्थळावर लोकवर्गणी मागितली. मागितलेली रक्कम पन्नास हजार डॉलरच्या आत होती. तीस दिवसांत जमली एक लाख पाच हजाराच्या वर.

या आकड्यापाशी जरा थांबायला हवं. वर्गणी देणाऱ्यांना बारमध्ये हिस्सा मिळणार नव्हता. पुष्कळजण पोर्टलंडचे नव्हते, म्हणजे तिथे कधी बसतील याचीही खात्री नव्हती. वर म्हटलं तसं, न आलेल्या गिऱ्हाइकाची नोंद कुठल्याच बिलात होत नाही. हे पैसे म्हणजे तीच नोंद, पहिल्यांदा कागदावर आलेली. कोपऱ्यातल्या टीव्हीकडे बघून परत गेलेली माणसं गावोगाव होती आणि आपल्यासारखे आणखी कुणी आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं. बाजाराचा अंदाज घ्यायला कंपन्या सल्लागारांना पैसे मोजतात. इथे अंदाज फुकट मिळाला, वर भांडवलही आलं.

वेळ साधली, की आली?

दोन्ही. मार्च २०२१ मध्ये सॅन अँटोनिओत कॉलेजांच्या महिला बास्केटबॉलची स्पर्धा चालू असताना ओरेगन विद्यापीठाच्या सेडोना प्रिन्स या खेळाडूनं मोबाइलवर एक छोटा व्हिडिओ काढला. पुरुषांच्या स्पर्धेसाठी यंत्रांनी भरलेली मोठी व्यायामशाळा, आणि महिलांसाठी डंबेल्सची एक लहानशी मांडणी. बाजूला मोकळी जागा भरपूर पडलेली, म्हणजे जागेची सबबही चालण्यासारखी नव्हती. व्हिडिओ देशभर फिरला. स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेला बाहेरच्या वकिलांकडून चौकशी करून घ्यावी लागली. तोवर ‘मार्च मॅडनेस’ हे नाव फक्त पुरुषांच्या स्पर्धेला वापरलं जात होतं. २०२२ पासून ते महिलांच्या स्पर्धेलाही मिळालं, आणि संघांची संख्याही पुरुषांइतकी ६८ झाली.

म्हणजे बार उघडला तो या नावाखाली झालेल्या पहिल्याच महिला स्पर्धेच्या ऐन भरात. १ एप्रिल २०२२ हा उपांत्य सामन्यांचा दिवस होता: आधी साउथ कॅरोलायना आणि लुइव्हिल, मग कनेक्टिकट आणि स्टॅनफर्ड. पोर्टलंडच्या घड्याळात पहिला सामना दुपारी चारला. बाहेर रांग लागली होती. दोन दिवसांनी साउथ कॅरोलायनानं कनेक्टिकटला ६४-४९ असं हरवून चषक घेतला, तेव्हा बार तीन दिवसांचा होता. धंद्याच्या भाषेत याला मुहूर्त म्हणायचं. मुहूर्त निवडला तिनं, पण तो यावा म्हणून एक वर्ष आधी दुसऱ्याच कुणीतरी मोबाइल उचलला होता.

दाखवायचं काय?

आता या प्रकरणातला सगळ्यात अवघड भाग. दारूचा परवाना, स्वयंपाकघर, भाडं हे प्रश्न प्रत्येक बारला असतात. वर्षभर रोज सकाळपासून रात्रीपर्यंत महिलांचा खेळ लावायचा आणि तो कायदेशीर मार्गानं मिळवायचा, हा प्रश्न तोवर कुणाला पडलाच नव्हता.

घरी बघायचं वर्गणीचं खातं बारमध्ये चालत नाही. त्याच्या अटींत घरगुती वापर असं स्पष्ट लिहिलेलं असतं. बारसाठी वेगळी, व्यावसायिक जोडणी घ्यावी लागते. पुरुषांच्या अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या पॅकेजचा दर तर अग्निसुरक्षेच्या नियमानुसार जागेत किती माणसं मावतात त्यावर ठरतो. पुरुषांच्या लीगसाठी ही बाजारपेठ तयार आहे: विक्रेता येतो, डबा बसवतो, बिल पाठवतो. महिलांच्या सामन्यांसाठी असा विक्रेताच नव्हता. २०२२ मध्ये महिलांच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगचे, म्हणजे एनडब्ल्यूएसएलचे, बरेचसे सामने पॅरामाउंट प्लस या घरगुती स्ट्रीमिंग सेवेवर होते. महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, म्हणजे डब्ल्यूएनबीएचे, काही इएसपीएनवर, काही सीबीएसच्या क्रीडा वाहिनीवर, काही ॲमेझॉनवर, काही फेसबुक-ट्विटरवर. एकाच संघाचे पाठोपाठचे तीन सामने तीन ठिकाणी शोधायचे. ज्या सेवेकडे बारला विकायची योजनाच नाही तिच्याकडे जाऊन परवानगी मागायची.

पुरुषांचे सामने लावणारा मालक सकाळी टीव्ही चालू करतो आणि विसरतो. इथे मात्र कुठला सामना कुठे आहे, कोणत्या पडद्यावर लावायचा, आवाज कुणाचा ठेवायचा, हे ठरवणं हे जवळजवळ एका माणसाचं काम. ‘महिलांचे खेळ लावले की झालं’ असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा करून बघावं. हक्कांची ही विखुरलेली अवस्था हीच त्या ५.४ टक्क्यांची दुसरी बाजू आहे. जे विकायला कुणी बसलेलंच नाही ते विकत घेणं सगळ्यात कठीण.

खेळांची मात्र कमतरता नाही, आणि हे तिनं कॅलेंडर समोर मांडून दाखवलं असं मला वाटतं. नोव्हेंबर ते एप्रिल कॉलेज बास्केटबॉल. वसंतापासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत फुटबॉल. मे महिन्यात डब्ल्यूएनबीए सुरू होते ती शरद ऋतूपर्यंत चालते. जूनच्या आसपास ओक्लाहोमा सिटीतली कॉलेज सॉफ्टबॉलची मोठी स्पर्धा, शरदात व्हॉलीबॉल, हिवाळ्यात जिम्नॅस्टिक्स, अधूनमधून टेनिसच्या मोठ्या स्पर्धा. रिकामे दिवस निघतात, पण वर्ष भरतं.

बाकीच्या बाबतीत हा बार बारच आहे. व्हिएतनामी चवीचे चिकन विंग्ज, बर्गर, रिब्ज, शाकाहारी पदार्थ. बिअरचे २१ नळ, आणि बिअर घेतली जाते ती जिथे बाई मालकीण किंवा बिअर बनवणारी आहे अशा ठिकाणांची. ‘टायटल नाइन’ नावाचं कॉकटेल. मुलांना सोबत आणता येतं, हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. अकरा-बारा वर्षांची मुलगी आईबापांबरोबर बसून जेवता जेवता मोठ्या पडद्यावर बायकांना खेळताना बघते, आणि आजूबाजूची मोठी माणसं त्यासाठी ओरडत असतात. पुरुषही येतात. मज्जाव कुणालाच नाही, नेम आहे तो फक्त पडद्याचा.

पहिल्या आठ महिन्यांत बारची उलाढाल ९ लाख ४४ हजार डॉलर झाली, म्हणजे महिन्याला लाखाच्या वर. उलाढाल म्हणजे नफा नव्हे, हे हॉटेलवाल्यांना सांगायला नको. मजुरी, माल आणि भाडं गेल्यावर हातात थोडंच राहतं. पण ‘लोक बघत नाहीत’ या वाक्यासमोर ठेवायला एवढा आकडा पुरेसा होता.

रस्त्यापलीकडचे मालक

एक गोष्ट मान्य करायला हवी: हे पोर्टलंडमध्ये झालं. २०१३ पासून या शहरात पोर्टलंड थॉर्न्स हा महिला फुटबॉल संघ आहे. २०१९ मध्ये त्याच्या घरच्या सामन्यांना सरासरी वीस हजारांवर प्रेक्षक होते. जगात फार थोड्या महिला क्लबांना तेव्हा अशी गर्दी मिळत होती. ज्या शहरात वीस हजार माणसं पैसे देऊन स्टेडियमवर जातात तिथे शेजारच्या बारांत आवाज बंद असतो, ही विसंगती ज्यानं पाहिली त्याच्यासाठी संधी उघडी पडलेली होती.

पण थॉर्न्सच्या घरात वेगळंच काही शिजत होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या माजी प्रभारी ॲटर्नी जनरल सॅली येट्स यांचा चौकशी अहवाल आला. एनडब्ल्यूएसएलमध्ये खेळाडूंचा मानसिक आणि लैंगिक छळ पद्धतशीरपणे चालू राहिला आणि क्लबांनी तो पोटात घातला, असं त्यात होतं. थॉर्न्सच्या एका माजी प्रशिक्षकाचं प्रकरण त्यात ठळक होतं. त्याच महिन्याच्या शेवटी थॉर्न्सनं कॅन्सस सिटीला २-० असं हरवून लीग जिंकली. त्या महिन्यात संघाच्या पाठीराख्यांची काय घालमेल झाली असेल याची कल्पना करता येते. ज्या पोरींसाठी घसा फोडायचा त्यांच्या मालकांवर मात्र विश्वास राहिलेला नाही. डिसेंबरमध्ये मालकानं संघ विकायला काढला. जानेवारी २०२४ मध्ये तो ६ कोटी ३० लाख डॉलरला विकला गेला, भथल या भारतीय वंशाच्या कुटुंबाला. लिसा भथल मेरेज आणि ॲलेक्स भथल ही बहीण-भावंडं आता तो चालवतात. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी पोर्टलंडसाठी डब्ल्यूएनबीएचा संघही मिळवला. नाव पोर्टलंड फायर, २००० ते २००२ या तीन हंगामांत शहरात जो संघ होता त्याचंच. खेळायला सुरुवात २०२६ च्या हंगामापासून.

हे सगळं बारच्या गोष्टीत का आणलं? कारण गल्लीतला बार आणि शहरातला संघ एकाच गिऱ्हाइकावर जगतात. संघाची मालकी बदलली की बारचा शुक्रवार बदलतो. बास्केटबॉलचा घरचा संघ नसताना द स्पोर्ट्स ब्रा दुसऱ्या गावांचे सामने लावत आली. आता सामन्याआधी आणि सामन्यानंतर भरणारा बार व्हायची संधी तिच्यासमोर आहे. शेजारचे बारही आता हेच सामने लावू लागतील, तीही अडचण आहेच. तरी मला वाटतं, आवाज चालू करणारा पहिला बार लोकांच्या लक्षात राहतो.

एकाचे अनेक

दरम्यान इतरत्र असे बार निघाले. सिएटलमध्ये रफ अँड टंबल आला. मिनियापोलिसमध्ये ट्रेसीज सलून नावाचा गल्लीतला जुना बार होता, त्या जागेत मार्च २०२४ मध्ये ‘अ बार ऑफ देअर ओन’ उघडला. जागा तीच, मालकीण नवी, पडद्यावरचा खेळ वेगळा. मला हे उदाहरण पोर्टलंडपेक्षाही बोलकं वाटतं, कारण गल्लीला तिचा बार परत मिळाला. फक्त डोळे वर केले की दिसतं ते बदललं.

त्याच वसंतात आणखी एक गोष्ट झाली. ७ एप्रिल २०२४ चा कॉलेज बास्केटबॉलचा महिलांचा अंतिम सामना, साउथ कॅरोलायना विरुद्ध केटलिन क्लार्क या गाजलेल्या खेळाडूचा आयोवा, अमेरिकेत सरासरी सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशीचा पुरुषांचा अंतिम सामना पाहिला सुमारे १ कोटी ४८ लाखांनी. महिलांचा आकडा वर जायची ही पहिलीच वेळ. एनडब्ल्यूएसएलनं त्याआधी चार वर्षांसाठी २४ कोटी डॉलरचे प्रक्षेपण हक्क विकले होते. बघणारे आधीपासून होते, त्यांना दुकान आता मिळालं.

त्याच एप्रिलमध्ये जेनी न्गुयेननं जाहीर केलं की द स्पोर्ट्स ब्राच्या शाखा फ्रँचायझी पद्धतीनं निघतील. मागे पैसा होता अलेक्सिस ओहानियन यांच्या प्रतिष्ठानाचा. ओहानियन म्हणजे रेडिटचे सहसंस्थापक, सेरेना विल्यम्सचे पती, आणि लॉस एंजेलिसच्या एंजल सिटी या महिला फुटबॉल क्लबच्या संस्थापकांपैकी एक. २०२५ मध्ये पहिल्या चार शहरांची नावं आली: बोस्टन, इंडियानापोलिस, लास व्हेगास आणि सेंट लुईस.

फ्रँचायझी म्हणजे प्रत्येक शहरात नवा मालक. नाव, पाककृती आणि नियम पोर्टलंडचे, भाडं आणि जोखीम त्याची स्वतःची. शहरं बघितली तर हिशेब दिसतो. इंडियानापोलिसमध्ये क्लार्क खेळते तो डब्ल्यूएनबीएचा फीव्हर संघ आहे, लास व्हेगासमध्ये २०२२ पासून तीनदा विजेता ठरलेला एसेस, बोस्टनला एनडब्ल्यूएसएलचा नवा संघ. सेंट लुईसमध्ये मात्र या दोन्ही लीगांपैकी एकाचाही संघ नाही, आणि म्हणून माझं लक्ष तिथेच आहे. घरचा संघ नसताना, संस्थापक काउंटरमागे उभी नसताना, देशभरातल्या वर्तमानपत्रांचं कौतुक नसताना हा बार चालला तर कल्पना पक्की. नाही चालला तर पोर्टलंडच्या यशात शहराचा आणि एका बाईचा वाटा किती होता ते समजेल.

माझी काळजी वेगळी आहे. पहिल्या बारची ताकद ही होती की पडद्याचा नेम मोडायचा मोह मालकिणीला होऊ शकतच नव्हता. नेम हाच तिचा बार. कर्ज काढून शाखा घेतलेल्या मालकाला तो मोह होईल. एखाद्या थंड मंगळवारी हॉल अर्धा रिकामा असेल, शेजारच्या बारमध्ये पुरुषांच्या सामन्याला दाटी झाली असेल, आणि त्याच्या डोक्यात येईल की एक पडदा, एकच, तिकडे वळवला तर काय बिघडेल. काय बिघडेल ते मला ठाऊक आहे. तो एक पडदा मोठा असेल आणि आवाज त्याचाच असेल.

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक घेतला. पावसानं सामना उशिरा सुरू झाला होता, निकाल लागायला मध्यरात्र झाली. सलामीला सांगलीची स्मृती मानधना आणि शेफाली वर्मा होत्या. तीन दिवसांपूर्वी ऑस्ट्रेलियाविरुद्ध मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जनं नाबाद १२७ धावा काढून ३३९ चं लक्ष्य गाठून दिलं होतं. त्या रात्री आपल्याकडेही कुणाला रिमोट मागावा लागला नसेल. अंतिम सामना, भारत जिंकतोय, आवाज आपोआप वाढतो. पण साखळीतला एखादा सामना, भारताचाही नसलेला, वुमेन्स प्रीमिअर लीगमधला, कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसातचा? आणि ‘फॅमिली’च्या भागात टीव्ही?

बोस्टनच्या त्या शाखेसाठीही माझ्या डोळ्यांसमोर एक रात्र आहे. मे महिना, सेल्टिक्स या शहराच्या पुरुष बास्केटबॉल संघाचा प्लेऑफचा सामना, अख्खं शहर हिरव्या जर्सीत. बारच्या पडद्यावर डब्ल्यूएनबीएच्या हंगामाच्या सुरुवातीचा सामना, दोन्ही संघ परगावचे. दारातून चौघं आत येतात, बिअर मागवतात, वर बघतात आणि काउंटरवरच्या पोरीला चॅनेल बदलायला सांगतात. रिमोट तिच्या हाताशी आहे. मालक त्या क्षणी गल्ल्यावर बसलेला आहे आणि महिन्याचा हप्ता परवावर आला आहे.